काटकुळ्या रोपांचे कोडे

पितृपंधरवडा सरत आला की हिवाळी फुलांचे बी पेरायची वेळ होते. पिटुनिया, अ‍ॅस्टर, डायंथस यांची रोपे आत्ता तयार केली, तर थंडीत कुंड्या फुलांनी भरतात. परतीचा पाऊस मात्र अजून गेलेला नसतो. पिटुनियाचे बी तर इतके बारीक की एका ग्रॅममध्ये सुमारे १० हजार बिया मावतात. एका जोराच्या सरीत ट्रे रिकामा होतो. म्हणून पेरणी घरात, खिडकीशी केली जाते. आठ-दहा दिवसांत बी उगवते आणि पुढच्या पंधरवड्यात रोपे काटकुळी होऊन काचेकडे झुकतात, आडवी पडतात. खत कमी पडले असे समजून अनेक जण खत घालतात. खरी उपासमार असते ती उजेडाची.

एवढ्याशा बीत शिदोरी ती किती असणार? खोलातून वर येण्याची ताकद तिच्यात नसते. त्यामुळे पिटुनियाचे बी ओल्या कोकोपीटवर नुसते पसरून हलके दाबायचे, झाकायचे नाही. उजेड लागला की ते चांगले रुजते.

पण बीला उजेड कळतो कसा? अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेन्ड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवरचे देखणे प्रयोग प्रसिद्ध केले. लाल प्रकाश दिला की बिया रुजत. लगेच पाठोपाठ गडद लाल, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश दिला, की रुजणे थांबे. पुन्हा लाल दिला की पुन्हा सुरू! कितीही वेळा आलटून पालटून झोत टाकले, तरी बी शेवटचा झोत प्रमाण मानी. यामागचे रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. वनस्पतिशास्त्रातल्या सर्वात सुंदर शोधांपैकी हा एक, असे मला वाटते.

हेच फायटोक्रोम रोपाला आयुष्यभर साथ देते. हिरवी पाने लाल प्रकाश शोषतात आणि गडद लाल बराचसा खाली सोडतात. गडद लालाचे प्रमाण वाढले, की वर कोणीतरी पसरले आहे हे रोपाला कळते आणि ते पाने, मुळे बाजूला ठेवून खोड उंच करते. रानात हे शहाणपण जीव वाचवते. आंब्याच्या सावलीतल्या खिडकीत मात्र तेच घात करते. शिवाय उन्हाचा उजेड लाखभर लक्स असतो, तर खोलीच्या आत जेमतेम काही शे. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक जाणवत नाही.

यावर साधी पांढरी एलईडी ट्यूब पुरते. तिच्या प्रकाशात गडद लाल फारच कमी असतो. ती रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगून दिवसाला १४ ते १६ तास चालू ठेवली, की खोड बसके आणि जाड होते.

घरात दुसरी उणीव वाऱ्याची. जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी १९९० मध्ये दाखवले, की अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या वनस्पतीच्या रोपांवर पाणी फवारले, वारा घातला किंवा नुसता स्पर्श केला, तरी काही जनुके अर्ध्या तासाच्या आत जागी होतात. रोज कुरवाळलेली रोपे बुटकी राहिली. म्हणून रोपांच्या शेंड्यांवरून दिवसातून दोनदा तळहात अलगद फिरवावा, किंवा पंखा मंद लावावा. पंख्याने माती वरून सुकते आणि खोड बुडाशी कुजवणारी मर रोगाची बुरशीही आटोक्यात राहते. पाणी ट्रेच्या खालून द्यावे.

पाच-सहा आठवड्यांनी रोपे बाहेर न्यायची, पण एकदम नाही. घरातल्या पानांवरचा मेणचट थर पातळ असतो, उन्हात पाणी भराभर उडते. पहिल्या दिवशी सकाळचे तासभर ऊन, मग रोज थोडे वाढवत आठवडाभरात पूर्ण दिवस. लावणी संध्याकाळी करावी आणि रोप रुजले की शेंडा खुडावा. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालचे डोळे दाबून ठेवते. ते थांबले की पानांच्या बगलेतून फांद्या फुटतात, आणि प्रत्येक फांदीला फुले येतात.