राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं आपलं गाव



राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ या काळात इंग्लंडच्या गादीवर होती. तिथलं खेडं तेव्हा चर्चभोवती वसलेलं असायचं. एका चर्चच्या हद्दीतला भाग म्हणजे 'पॅरिश'. मुलांचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद तिथला पाद्री वहीत करायचा. ही पद्धत १५३८ पासूनची. त्यामुळे साध्या शेतमजुराचं नावही कागदावर राहिलं. मग त्याच काळात आपल्या कर्जत-खालापूरच्या गावांत काय चाललं होतं?

गावाचा कारभार

कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ साली तो कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात आला. गावात पाटील वसूल गोळा करी, तंटे मिटवी. तलाठी शेतसाऱ्याचा हिशेब ठेवी. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार हे बलुतेदार. त्यांना कामाचा मोबदला सुगीत खळ्यावर भाताच्या रूपात मिळे. गावाची राखण करणारे, शिवेची खडान्‌खडा माहिती असणारे महार मात्र वेशीबाहेर राहत. ग्रामदेवतेचं देऊळ होतं, जत्रा होती, पण देवळात जन्म-मृत्यूची वही नव्हती. सरकारी दप्तरात मुख्यतः जमीन आणि सारा लिहिला जाई. ज्याच्या नावावर जमीन, त्याचंच नाव.

घाटात रेल्वे आली

१८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. त्याच वर्षी बोरघाटाचं काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. हजारो मजुरांनी कातळ फोडून २५ बोगदे केले. कॉलरा आणि तापाने त्यातले कितीतरी दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेलं. या नवरा-बायकोची नावं इतिहासात आहेत. बोगदे खोदणाऱ्यांची नावं शोधू गेलो तर क्वचितच सापडतात.

डोंगरातली माणसं

ठाकूर आणि कातकरी डोंगरउतारावर झाडोरा भाजून त्या राखेत नाचणी-वरी करायचे. याला 'दळी' म्हणतात. कातकरी खैराच्या लाकडापासून कात काढायचे, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव होऊ लागलं आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या जागेवर परवानगी मागायची वेळ आली. जमीन नावावर नाही, शाळेत नाव नाही. मग नोंद राहणार कुठे?

हे आज का शिकवायचं?

कारण हा प्रश्न संपलेला नाही. जातीच्या दाखल्यासाठी आदिवासी पालकांकडे १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचा आजोबा शाळेत गेला, त्याला जुन्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो. ज्याचा आजोबा वीटभट्टीवर किंवा रानात राबला, तो कागद आणणार कुठून? म्हणजे पॅरिशच्या वहीचं काम आपल्याकडे पुढे शाळेच्या रजिस्टरने केलं, पण जी मुलं शाळेत आली तेवढ्यांचंच.

म्हणून दाखल करताना मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि वाडीचं नाव नीट विचारून लिहूया. "घाईत काहीही लिहा" असं चालणार नाही. तो एक रकाना पन्नास वर्षांनी कुणाच्यातरी नातवाला लागणार आहे.

वर्गातला उपक्रम (इयत्ता चौथी-पाचवी)

१. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा: तुमचे आजोबा काय काम करायचे? त्याचा मोबदला कशात मिळायचा?
२. आपल्या गावातली आणि वाडीतली जुन्या जागांची नावं लिहा: खळं, वेस, तळं, दळी.
३. सगळ्यांच्या माहितीची एक 'गाववही' बनवा. त्यात प्रत्येक घर आलं पाहिजे, एकही सुटता कामा नये.