जुनी विमा पॉलिसी सापडत नाही? असा घ्या शोध



घरातला कर्ता माणूस जातो. दहावं-तेरावं होतं. मग कुणीतरी म्हणतं, "दादांचा विमा होता बरं का. माल विकला की हप्ता भरायचे." पण बाँड सापडत नाही, एजंट हयात नाही, नंबर कुणालाच ठाऊक नाही. घरची मंडळी "गेलं ते गेलं" म्हणून विषय सोडून देतात. तसं करू नका. कागद हरवला म्हणून पैसा बुडत नाही. फक्त शोध नीट घ्यावा लागतो.

आधी कंपनी ओळखा. भारतीय आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी, 1 सप्टेंबर 1956 रोजी सुरू झाली. खाजगी आयुर्विमा कंपन्या 2000 सालानंतर आल्या. म्हणून खेड्यातल्या घरात त्याआधीची पॉलिसी असेल, तर ती बहुधा एलआयसीचीच. पोस्टाचा ग्रामीण विमा 1995 पासून आहे. तो असेल तर पोस्टात चौकशी करा.

मग घर धुंडाळा. बाँडच पाहिजे असं नाही. हप्त्याची एक जुनी पावती मिळाली तरी काम झालं. तिच्यावर पॉलिसी नंबर आणि शाखा असते. ट्रंक, देव्हाऱ्याचा कप्पा, सातबाऱ्याची पिशवी, जुन्या डायऱ्या बघा. बँकेचं पासबुक ओळीनं वाचा. कारखान्यात किंवा शाळेत नोकरी असेल तर हप्ता पगारातून कापला गेला असेल; तिथल्या कचेरीत विचारा. पॉलिसीवर कर्ज काढलं असेल तर बाँड कर्ज देणाऱ्याकडं तारण पडलेला असतो. तिथंही चौकशी करा.

पासबुकात मे-जूनच्या सुमारास 330 किंवा 436 रुपये वजा झालेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती योजना असू शकते. ती 2015 साली सुरू झाली. विमा चालू असताना माणूस वारला असेल तर 2 लाख रुपये मिळतात. त्यासाठी बँकेतच जायचं.

काहीच सापडलं नाही तर तालुक्याच्या किंवा जवळच्या शाखेत लेखी अर्ज द्या. त्यात पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, त्या वेळचा पत्ता, एजंटचं नाव आणि अंदाजे साल लिहा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या बाँडवर नाव "पांडू" असेल आणि आधारवर "पांडुरंग". जन्मतारीखही शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी असते. म्हणून दोन्ही नावं, दोन्ही तारखा द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. विमा कंपन्यांच्या वेबसाइटवर बेवारस रकमा शोधायची सोय आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाला बघायला सांगा.

हप्ते अर्धवट राहिले होते, मग काय मिळणार? समजा, 1988 साली 10,000 रुपयांची, 20 वर्षं मुदतीची पॉलिसी घेतली. 5 वर्षं हप्ते भरले, पुढं पीक गेलं आणि हप्ते थांबले. तरी पॉलिसी साफ बुडत नाही. जुन्या नेहमीच्या पॉलिसींत 3 वर्षांचे हप्ते पूर्ण भरले असतील, तर ती कमी रकमेनं चालू राहते. 20 पैकी 5 वर्षं भरली, म्हणजे 10,000 चा चौथा हिस्सा, 2,500 रुपये. शिवाय बोनसची पॉलिसी असेल तर तोवर जमलेला बोनस. 3 वर्षांच्या आतच हप्ते थांबले असतील, तर मात्र फारशी आशा धरू नका.

मुदत संपून फार वर्षं झाली असतील तर? 10 वर्षं कुणी मागणी केली नाही, तर ती रक्कम केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथं गेल्यावरही पुढची 25 वर्षं हक्क राहतो. अर्ज दिल्लीला नव्हे, त्याच विमा कंपनीकडं करायचा. 25 वर्षं उलटली की मात्र पैसा सरकारजमा होतो. म्हणून आज-उद्या करू नका.

लागणारे कागद : मृत्यूचा दाखला, दाव्याचा फॉर्म, वारसदार म्हणून नाव लावलेल्या माणसाचं आधार आणि पासबुक. बाँड हरवला असेल तर स्टॅम्प पेपरवर हमीपत्र करून द्यावं लागतं. नाव लावलेला माणूसही हयात नसेल, तर कोर्टाचा वारस दाखला लागू शकतो. पण आधी शाखेत विचारा, मगच वकिलाकडं जा.

कंपनीनं लेखी तक्रारीला महिनाभर दाद दिली नाही किंवा दावा नाकारला, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी पडत नाही, वकील लागत नाही. मात्र नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं.

सावध राहा! "तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, आधी एवढे पैसे भरा," असा फोन आला तर तो ठग समजा. ओटीपी सांगू नका, पैसे पाठवू नका.

आणि तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचं काय? नंबर, शाखा आणि नाव कुणाचं लावलंय, हे एका कागदावर लिहा आणि तो कागद कुठं ठेवलाय ते घरधनिणीला आजच सांगून ठेवा.