लपून बसणारा बिघाड

मोटारीचे काही बिघाड सरळ असतात. चाकातील हवा गेली किंवा पेट्रोल संपले, तर ते पाहताच कळते. विजेचे बिघाड मात्र पुष्कळदा एक दिवसाआड येणाऱ्या हिवतापासारखे वागतात. वैद्यबुवा दारात यावेत आणि रोगी नेमका त्याच वेळी ठणठणीत असावा, तशी गत होते.

निलंग्यातील एका कुटुंबाच्या जुन्या मोटारीला असाच रोग जडला होता. इंजिन चांगले तापले की ती एकाएकी बंद पडे. अर्धा तास थांबले की जणू काही घडलेच नाही अशी सुरू होई. घरची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. वेळ आलीच तर तिला रात्री-अपरात्री लातूरला न्यावे लागणार, आणि गाडीचा तर भरवसा नाही!

पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनी मोटारीत विजेचे काम थोडे होते. २००० सालच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, आणि पेट्रोल किती व केव्हा सोडावे हे ठरविण्याचे काम हळूहळू एका लहानशा संगणकाकडे गेले. त्याला स्वतःचे डोळे नाहीत. पाणी किती तापले, हवा किती आली, इंजिनाचा मुख्य दंड किती वेगाने फिरतो, या खबरा त्याला संवेदक पोचवितात. गॅरेजमध्ये त्यांना सेन्सर म्हणतात. दंडाची खबर थांबली की ठिणगी व पेट्रोल दोन्ही थांबतात.

एका गॅरेजात हा सेन्सर बदलून झाला. पैसे गेले, रोग राहिला.

मग गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे आली. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. "मालक, बंद कधी पडते? थंड असताना कधी पडली का? खड्ड्यात आदळल्यावर पडते का? दिवे मंद होतात का?" असे ते विचारीत राहिले. शेवटचा प्रश्न मार्मिक होता. बॅटरीचे एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते व वीज त्याच वाटेने परतते. तो सांधा गंजला, तर दिवे, भोंगा, काटे सारेच एकदम बिघडतात. येथे दिवे ठीक होते. म्हणजे दोष एकाच वाटेवर होता.

आता रोग्याला ताप आणावयाचा होता! मिस्त्रींनी झाकण लावून इंजिन तापू दिले आणि मग लाकडी काठीने एकेक तार हळूच हलविली. दंडाच्या सेन्सरची तार हलताच इंजिन अडखळले. इंजिन बंद करून त्यांनी ती तार दोन्ही टोकांना सोडविली व मीटर लावला. शाबूत तारेचा रोध जवळजवळ शून्य असतो. येथे तार वाकविताच काटा भलतीकडे जाई. वरचे आवरण अखंड, पण आतील तांबे तुटलेले! थंड असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकत, आणि उष्णतेने व हादऱ्याने ती दूर होत.

हातभर नवी तार घातली गेली. पुढे एका रात्री ती गाडी न थांबता लातूरला पोचली. काढून टाकलेला पहिला सेन्सर तपासला तेव्हा निर्दोष निघाला. तो अजून त्या गाडीच्या खणात पडून आहे.