विश्लेषण : ‘फोर बाय फोर’ गाडीचे ऑइल घरी बदलावे का?

थार, गुरखा, व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या गाड्या बाळगणाऱ्यांत ‘निदान ऑइल तरी आपणच बदलू’ असे म्हणणारे अनेक असतात. काम तासाभराचे, हत्यारे मोजकी आणि गाडी इतकी उंच, की बहुतेक वेळा जॅक न लावताही खाली शिरता येते. मात्र चुकीचे ऑइल किंवा ढिला राहिलेला एक नट इंजिनच्या जिवावर बेतू शकतो. शिवाय निघालेल्या जळक्या ऑइलचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

या गाड्यांचे ऑइल लवकर का बदलावे लागते?

ऑइल इंजिनच्या भागांना वंगण देते, उष्णता वाहून नेते आणि काजळी स्वतःत धरून ठेवते. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ती मुदत दिलेली असते. धूळ, चिखल, पाणी आणि जड ओझे अशा वापरासाठी मात्र त्याच मॅन्युअलमध्ये कमी मुदतीचा स्वतंत्र तक्ता असतो. ‘फोर लो’मध्ये चढण चढताना इंजिन तासन्‌तास जोरात फिरते, पण अंतर जेमतेम काही किलोमीटर पडते. त्यामुळे केवळ मीटरवरच्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

ऑइल कोणते निवडावे?

‘५डब्ल्यू-३०’मधील ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत लवकर वाहते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. ‘जेवढे घट्ट तेवढे चांगले’ हा समज चुकीचा आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. त्यात साचलेली काजळी जाळता येते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती साचत जाऊन फिल्टर तुंबतो. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. डब्यावर ५डब्ल्यू-३० दिसले म्हणजे झाले, असे नाही. मॅन्युअलमध्ये दिलेले एपीआय, एसीईए किंवा जासो मानकही जुळायला हवे.

प्रत्यक्ष काम कसे करायचे?

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. इंजिन कोमट असावे. थंड ऑइल नीट उतरत नाही आणि कडक तापलेले भाजते. खालची संरक्षक पत्रा-प्लेट आड येत असेल तर ती काढावी. वरचे ऑइल भरायचे झाकण उघडून, खाली मोठे घमेले ठेवून चेंबरचा नट सोडावा. ऑइलची धार थांबून थेंब पडू लागेपर्यंत धीर धरावा. नवा वॉशर घालून नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकाच आवळावा. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून तो बसवावा. मग नरसाळ्याने सांगितल्यापेक्षा थोडे कमी ऑइल भरून इंजिन अर्धा मिनिट चालवावे, बंद करावे, काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी आणि उरलेले ऑइल भरावे.

चुका कुठे होतात?

पहिली चूक जोर लावण्याची. नट जास्त आवळला तर चेंबरचे आटे जातात, ढिला राहिला तर तो चालत्या गाडीत गळून पडतो. घाटात ऑइलचा दिवा लागला तर ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ’ न म्हणता गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन लगेच बंद करणे हाच उपाय. दुसरी चूक, जुन्या फिल्टरचे रबर इंजिनला चिकटून राहते आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. दोन रबरांच्या फटीतून ऑइल जोरात बाहेर फेकले जाते. तिसरी चूक, जास्त ऑइल भरणे. त्याला फेस येतो आणि वंगण कमी पडते. गाडी उचलावीच लागली तर केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत.

पाण्यातून गेलेल्या गाडीचे काय?

इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरल्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी सुरू न करता मेकॅनिकला दाखवावी. अनेकांच्या नजरेतून सुटतो तो अॅक्सल. चालून तापलेला अॅक्सल ओढ्यात एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. त्यामुळे खोल पाण्यातून आल्यावर डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसचे ऑइलही तपासावे. डिझेल इंजिनचे नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, हे मात्र स्वाभाविक आहे.

वॉरंटी जाते का?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कारनिर्मात्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे म्हटले होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. शिवाय तो आदेश गॅरेजांविषयी होता, घरच्या अंगणातल्या कामाला तेच संरक्षण गृहीत धरता येत नाही. त्यामुळे वॉरंटी असेपर्यंत तिच्या अटी वाचूनच निर्णय घ्यावा. स्वतः काम केले तर ऑइल-फिल्टरची बिले, मीटरचा फोटो आणि तारीख जपून ठेवावी.

जळक्या ऑइलची विल्हेवाट कशी लावायची?

वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. वाळवी लागू नये म्हणून दाराला, खांबाला जळके ऑइल फासण्याची जुनी सवय आहे. पण त्यात जड धातू आणि विषारी घटक असतात. हाताळतानाही हातमोजे हवेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते, एका ऑइल चेंजमधून निघालेले ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते. म्हणून ते गटारात, मातीत ओतू नये. पाणी, पेट्रोल किंवा कूलंट न मिसळता नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरावे आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे. ते ऑइल घेतील का, हे आधी विचारावे आणि मगच नट सैल करावा.