योजना सुचत नाही तेव्हा पटाला काय विचारावं?

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक बुद्धिबळावर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. शंका रास्त आहे. मी काही मोठा खेळाडू नाही आणि नव्या चाली शिकवायला इथे उभा नाही. माझा विषय आहे विचार करणं. विचार कुठे अडतो आणि अडल्यावर पुन्हा कसा चालू होतो, हे बघायला बुद्धिबळाच्या पटाइतकी स्वच्छ जागा दुसरी नाही. सगळं समोर मांडलेलं असतं, काही लपलेलं नसतं, आणि तरीही माणूस अडतो.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. सुरुवातीच्या दहा-बारा खेळ्या पाठ असतात. किल्लेकोट होतो, मोहरी बाहेर येतात. मग एकदम शांतता. काही मरत नाही, काही मारता येत नाही. घड्याळ चालू असतं आणि डोक्यात एकच वाक्य फिरत असतं, “आता काय करू?” अशा वेळी बहुतेक जण कडेचं एखादं प्यादं एक घर पुढे ढकलतात. काहीतरी केलं, एवढंच त्यातलं समाधान. पण लक्षात घ्या, घोडा चुकला तर परत येतो, हत्ती परत येतो. प्यादं कधीच मागे येत नाही. म्हणजे आपल्याला काहीच कळत नसतं, नेमक्या त्याच वेळी आपण कधीही मागे न घेता येणारी गोष्ट करून बसतो.

दुसरा एक प्रकार सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटोव्ह यांनी नोंदवलेला आहे. खेळाडू एका खेळीचा खोलवर विचार करतो, ती पटत नाही. दुसरीचा करतो, तीही पटत नाही. पुन्हा पहिलीकडे येतो, पुन्हा दुसरीकडे. वीस मिनिटं जातात. मग घड्याळाकडे लक्ष जातं आणि तो घाईघाईने तिसरीच खेळी करतो, जिचा त्याने क्षणभरही विचार केलेला नसतो. तुम्ही हसताय, म्हणजे अनुभव सगळ्यांना आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. योजना का सापडत नाही? माझं म्हणणं असं, की आपण थेट योजनाच शोधायला निघतो, म्हणून ती सापडत नाही. हे जरा कोड्यासारखं वाटेल. पण हे कोडं फार जुनं आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात मेनो सॉक्रेटिसला अडवतो. जे तुला माहीतच नाही ते तू शोधणार कसं? माहीत असेल तर शोधायची गरज नाही, आणि माहीत नसेल तर समोर आलं तरी ‘हेच ते’ हे कळणार कसं? योजना शोधणाऱ्या खेळाडूची अवस्था नेमकी हीच असते.

याचं एक सुरेख उत्तर आपल्याकडच्या न्यायदर्शनात आहे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारे वात्स्यायन म्हणतात, की जी गोष्ट मुळीच ठाऊक नाही तिच्याबाबत तर्क चालत नाही आणि जिचा निर्णय झालेला आहे तिच्याबाबतही चालत नाही. तर्क चालतो तो जिच्याबद्दल संशय आहे तिच्याबाबत. आणि संशय म्हणजे नुसता गोंधळ नव्हे बरं का! संध्याकाळच्या अंधुक उजेडात समोर काहीतरी उभं दिसतं. हा खांब आहे की माणूस? हा झाला संशय. त्याला दोन निश्चित बाजू आहेत, आणि कुठली खूण पाहिली म्हणजे निर्णय होईल हेही आपल्याला माहीत आहे. हात हलले तर माणूस.

“आता काय करू?” हा संशय नाही, हा नुसता अंधार आहे. “हा उंट बाहेर पडू शकतो की नाही?” हा संशय आहे. तो तपासता येतो. तेव्हा अडलेल्या माणसाचं पहिलं काम उत्तर शोधणं हे नाही. अंधाराचं रूपांतर संशयात करणं, हे त्याचं पहिलं काम.

नुसतं तत्त्व सांगून भागणार नाही, म्हणून एक खरा डाव बघू. १९१९ साली इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत विल्यम विंटर आणि होजे राऊल कापाब्लांका यांच्यात तो झाला. विंटर पांढरी मोहरी घेऊन खेळत होते, कापाब्लांका काळी. कापाब्लांका तेव्हा जगज्जेते झालेले नव्हते, ते दोन वर्षांनी झाले. घरी पट असेल तर काळ्याची पंधरावी खेळी झाल्यानंतरची स्थिती मांडून घ्या. पांढरा: राजा जी१, हत्ती ए१ आणि एफ१, उंट जी३, प्यादी ए२, बी२, सी२, डी३, ई४, एफ२, एफ३, एच३. काळा: राजा जी८, हत्ती ए८ आणि एफ८, उंट डी६, प्यादी ए७, बी७, सी७, सी५, ई५, एफ६, जी५, एच६.

मोजून बघा. दोन्हीकडे दोन हत्ती, एक उंट, आठ प्यादी. वजीर गेले, घोडे गेले. शह नाही, धमकी नाही. “आता काय करू?” म्हणायला याहून योग्य जागा नाही.

इथे पहिल्या नजरेला एक योजना सुचते. पांढऱ्याच्या राजाभोवतीची प्यादी मोडलेली आहेत. एफ-पट्टीवर दोन प्यादी एकामागे एक, एच३ चं एकटं पडलेलं. मग काळ्याने तिकडेच हल्ला चढवावा, एफ५ ढकलून पट्टी उघडावी! मोह स्वाभाविक आहे. पण ही योजना पटाने दिलेली नाही, ती आपल्या उत्साहातून आलेली आहे. १८८६ साली पहिला अधिकृत जगज्जेतेपदाचा सामना जिंकणाऱ्या विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी खेळाला दिलेली मोठी देणगी हीच, की हल्ला खेळाडूच्या इच्छेवर उभा राहत नाही, त्याला पटावरच्या स्थितीत कारण असावं लागतं.

तर मग पटालाच विचारू. मी तीन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न: समोरच्याला काय हवंय? त्याला लागोपाठ दोन खेळ्या मिळाल्या तर तो काय करेल? हा प्रश्न पहिला का, तर अडलेला माणूस फक्त स्वतःकडे बघत असतो. इथे पांढऱ्याला एच-पट्टी उघडून हत्तीला वाट करायची आहे, आणि जमलं तर जी३ वरचा उंट मोकळा करायचा आहे.

दुसरा प्रश्न: पटावर सर्वांत निकामी मोहरं कोणतं? आधी आपलं बघायचं, मग त्याचं. काहीच सुचत नसेल तर आपलं सर्वांत वाईट जागी असलेलं मोहरं सुधारा, हा नियम बाकूचे खेळाडू आणि प्रशिक्षक व्लादिमिर माकोगोनोव्ह यांच्या नावाने ओळखला जातो. एरवी नुसत्या या एका नियमाने कितीतरी डाव मार्गी लागतात. पण इथली मौज वेगळी आहे. इथे सर्वांत निकामी मोहरं पांढऱ्याचं आहे, जी३ वरचा उंट. एच४ आणि एफ४ या घरांवर काळ्याच्या प्याद्यांचा पहारा आहे, ई५ वरचं प्यादं भक्कम राखलेलं आहे, आणि मागे एच२ वर गेला तरी कोपऱ्यातच. तो उंट पटावर आहे, पण खेळात नाही.

तिसरा प्रश्न: सहजासहजी बदलणार नाही असं इथे काय आहे? याचं उत्तर बहुतेक वेळा प्याद्यांच्या रचनेत मिळतं. मोहरी इकडून तिकडे जातात, प्याद्यांची साखळी टिकते. इथे ई५, एफ६, जी५ ही काळ्याची तीन प्यादी त्या उंटाच्या कोठडीचे गज आहेत. ती जागची हलली नाहीत तर कोठडी कायम.

आता तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवा आणि बघा काय होतं. एफ५ ढकलण्याची ती मोहक योजना आपोआप गळून पडते, कारण तो आपल्याच हाताने सैल केलेला गज आहे. आणि न शोधता दुसरी योजना समोर येते. उंट राजाच्या बाजूला कोंडलेला आहे ना? मग लढाई वजिराच्या बाजूला करा. तिथे काळ्याचे दोन हत्ती आणि उंट, पांढऱ्याचे फक्त दोन हत्ती. एकूण बळ सारखं, पण त्या बाजूला एक मोहरं जास्त.

कापाब्लांकांनी तेच केलं. ए५ प्यादं, राजा एफ७ वरून ई६ वर, हत्ती बी८ वर, मग सी६, बी५ आणि सी४. यातली एकही खेळी चमत्काराची नाही. पांढऱ्याने दरम्यान एच-पट्टी उघडली, पण तिथे मारण्यासारखं काही नव्हतं. शेवटी त्याला एच१ चा हत्ती परत ए१ वर आणावा लागला. वजिराच्या बाजूची प्यादी फुटली, काळे हत्ती आत शिरले, आणि एकोणतिसाव्या खेळीनंतर विंटर यांनी डाव सोडला. उंट तेव्हाही जी३ वरच होता.

इथे एक आक्षेप येईल. “सर, हे कापाब्लांकांना दिसलं. आम्हाला कसं दिसणार?” आक्षेप महत्त्वाचा आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ख्रूट यांनी १९४६ सालच्या आपल्या प्रबंधात खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून त्यांच्या विचाराची पद्धत तपासली. अपेक्षा अशी, की ग्रँडमास्टर पुष्कळ जास्त खोल बघत असतील. तसा मोठा फरक आढळला नाही. फरक हा होता, की ते सुरुवातीपासूनच योग्य गोष्टीकडे बघत होते. पुढे १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी दाखवलं, की खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद पाहून मास्टर ती नवशिक्यापेक्षा कितीतरी चांगली मांडतो. पण मोहरी वाटेल तशी विखुरली, तर त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याची नुसती स्मरणशक्ती अफाट नसते. तो सुटी मोहरी बघत नाही, मोहऱ्यांमधले संबंध बघतो.

मास्टरला जे नजरेत दिसतं, ते आपल्याला शब्दांत विचारावं लागतं, एवढाच याचा अर्थ. आपण वाचायला शिकलो तेव्हा अक्षर अक्षर लावत होतो, आज आख्खा शब्द दिसतो. हे तीन प्रश्न म्हणजे ते अक्षर लावणं. सवयीने ते प्रश्न न विचारताच उत्तरं दिसायला लागतात. आणि विचारायची वेळ कोणती? प्रतिस्पर्ध्याचं घड्याळ चालू असतानाची. तेव्हा हिशेब करता येत नाही, कारण तो काय खेळणार हे माहीत नसतं. पण प्रश्न विचारता येतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. एक, योजना म्हणजे व्रत नव्हे. तीन-चार खेळ्यांचं ते एक अनुमान आहे. समोरच्याने प्याद्यांची रचना बदलली, की प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. पटावरची परिस्थिती बदलली तरी आपण ठरवलं होतं म्हणून तेच रेटत राहणं, हा अडण्याचाच दुसरा प्रकार आहे. दोन, योजना ठरली तरी प्रत्येक खेळीआधी शह, मारामारी आणि धमकी तपासायचीच. उत्तम योजना आखून एका खेळीत हत्ती गमावता येतो.

आणि कधी कधी तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘विशेष काही नाही’ असंच येईल. तेही उत्तर आहे. त्याचा अर्थ, आपलं एक मोहरं थोड्या चांगल्या घरी न्या, प्याद्याला हात लावू नका, आणि खेळी समोरच्याकडे सोपवा. मग “आता काय करू?” हा प्रश्न त्याला पडू द्या.

पुढच्या वेळेपर्यंत एवढंच करा. स्वतःचा अलीकडचा एखादा डाव काढा, जिथे अडला होता ती स्थिती मांडा, आणि खेळी न शोधता फक्त तीन उत्तरं कागदावर लिहा. वाक्यं लिहा, खेळ्या नकोत. ती घेऊन या, आपण बोलू.