मजकुरावाचून कथा

लाकडी ठशावर चित्र कोरणाऱ्याच्या कामाचा आरंभ अंधारातून होतो. न कोरलेल्या ठशावर शाई फिरवून कागद दाबला तर निव्वळ काळोख उमटतो, आणि कोरणीची प्रत्येक रेघ त्या काळोखातून उजेड मोकळा करीत जाते. दुःखाची आणि अन्यायाची कैफियत शब्दांवाचून मांडणाऱ्यांनी हेच माध्यम पत्करावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या थॉमस ब्यूइक या ठसे कोरणाऱ्याने घट्ट बॉक्सवुडच्या आडव्या छेदावर, धातूवर कोरण्याच्या हत्याराने, काम करण्याची रीत परिपक्व केली आणि अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच दाबात छापता येणारे सूक्ष्म चित्र पुस्तकांना मिळवून दिले. आपल्या पुस्तकांतील मोकळ्या जागांत त्याने जी चिमुकली दृश्ये घातली, त्यांपैकी एकात पुलाचा जकातीचा पैसा वाचविण्यासाठी गाईचे शेपूट धरून नदी ओलांडणारा माणूस आहे, आणि त्या पैशाहून मोलाची त्याची टोपी वाहून चालली आहे. दोनतीन इंचांत संपूर्ण कथा!

फ्रान्स मासेरील या फ्लेमिश चित्रकाराने मात्र एका चित्रापाशी न थांबता चित्रांची मालिकाच कथा म्हणून उभी केली. पहिल्या महायुद्धात जिनीव्हात राहून युद्धविरोधी पत्रासाठी चित्रे काढणाऱ्या या गृहस्थाने १९१८ साली पंचवीस चित्रांत एका कामगाराचे जन्मापासून देहदंडापर्यंतचे आयुष्य सांगितले. पुढल्याच वर्षी १६७ चित्रांचे पुस्तक आले, ज्याच्या जर्मन आवृत्तीला कादंबरीकार टोमास मानने प्रस्तावना लिहिली. १९३३ साली शांघायमध्ये मासेरीलची चार पुस्तके निघाली आणि त्यांतील एकाला चिनी लेखक लू शुनने प्रस्तावना दिली.

लाइपझिगला शिकत असताना मासेरीलचे पुस्तक हाती आलेल्या लिंड वॉर्ड या अमेरिकन तरुणाने ‘गॉड्स मॅन’ ही १३९ ठशांची कादंबरी १९२९ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळत असतानाच, प्रसिद्ध केली. तीत बुरखेधारी अनोळखी माणसाच्या करारनाम्यावर सही करून चित्रकार जादूचा कुंचला मिळवितो. चित्र केवळ उजव्या पानावर असल्यामुळे दोन क्षणांमधील क्रियापद वाचकालाच, पान उलटता उलटता, पुरवावे लागते. वॉर्डची खरी प्रतिभा मी या रिकाम्या जागेच्या योजनेत पाहतो. ‘वाइल्ड पिल्ग्रिमेज’ (१९३२) मध्ये कारखाना सोडून अरण्यात शिरलेल्या कामगाराचे बाह्य जीवन काळ्या शाईत आणि मनोव्यापार तांबूस शाईत छापलेले आहेत, त्यामुळे तो काय करतो आणि काय इच्छितो यांतील अंतर खुलाशाचे एकही अक्षर नसता डोळ्यांना भिडते. ‘व्हर्टिगो’ (१९३७) मध्ये २३० ठसे असून, मंदीच्या वरवंट्याखाली सापडलेल्या मुलीची कथा वर्षांच्या, वृद्ध धनिकाची महिन्यांच्या आणि तरुणाची दिवसांच्या मापाने चालते. मूकचित्रांनी काळाची अशी तिहेरी गणना पेलावी, ही माझ्या मते या साऱ्या परंपरेतील सर्वांत धाडसी रचना होय. त्यानंतरची त्याची शब्दहीन कादंबरी १९८५ साली त्याच्या मृत्यूसमयी अपुरीच होती. तिची कोरलेली चित्रे २००१ मध्ये ग्रंथरूपाने निघाली.