आरोग्य कराचा रकाना

2025च्या अखेरीस घरपट्टीच्या थकबाकीत पन्नास टक्के सुटीची बातमी आली आणि तिवसा तालुक्यातल्या आमच्या गावात बऱ्याच घरी आनंद झाला. मला मात्र ती लागली. मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानातली ही सवलत जुन्या थकबाकीदारांना. मार्चअखेर न चुकता भरणाऱ्यांच्या वाट्याला काहीच नाही. आणि हे घडलं संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानाच्या पंचविशीत.

1958चा ग्रामपंचायत अधिनियम आणि 1960चे कर व फी नियम यांनी गावाला स्वच्छतेसाठी कर बसवण्याचा अधिकार दिला. पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती आणि त्यांच्या शेजारी आरोग्य कराचा छोटासा रकाना. पुढची चाळीस वर्षं या रकान्यात सांगण्यासारखं फार घडलं नाही. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायची. पण निवडणूक तोंडावर असली की वाढ पुढे ढकलली जायची. नाली तुंबायची, लोक म्हणायचे, ‘नालीच साफ नाही, तं कर कायले भरू?’ पंचायत म्हणायची, कर नाही तर माणूस कुठून ठेवू?

हा तिढा सुटताना मी पाहिला तो 2000 ते 2010 या दशकात. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे, 1956 साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. मोझरीचा गुरुकुंज आमच्या तालुक्यात. तुकडोजी महाराजांच्या रामधूनीतून पहाटे गाव झाडण्याची सवय जुन्या माणसांना होती. ते हात पुन्हा झाडूला लागले. उकिरडे गावाबाहेर गेले, घरामागे शोषखड्डे खणले गेले, गोदरीच्या वाटेवर पहाटे गुड मॉर्निंग पथक उभं राहू लागलं. तपासणी समिती यायच्या आदल्या रात्री भिंती सारवणाऱ्या बाया आजही डोळ्यांपुढे आहेत.

त्या काळात कोतवालाने दवंडी दिली की लोक ग्रामसभेला येत. सफाईवर काय खर्च झाला ते फळ्यावर लिहिलेलं असे. कर वाढवण्याचा विषय निघाला तेव्हा भांडण झालं, पण ते ‘किती वाढवायचा’ यावर. ‘द्यायचा का’ यावर नाही. पैसा कुठे जातो हे डोळ्यांना दिसत होतं. निर्मल ग्राम पुरस्कारात महाराष्ट्राची गावं देशात सर्वाधिक ठरली ती या हिशेबाच्या बळावर, असं माझं ठाम मत आहे. 2010च्या पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेने तर करवसुलीची टक्केवारीच निकषांत घातली: पहिल्या वर्षी साठ, मग ऐंशी, मग नव्वद. योग्यच केलं.

मग उतरण लागली. बक्षिसं संपली, फळा कोरा राहिला. तिवसा नगरपंचायत झाली, शहरांत 2016च्या घनकचरा नियमांमुळे कचऱ्याचं वेगळं शुल्क आलं. गावांत 31 डिसेंबर 2015च्या नियमांनी घरपट्टी भांडवली मूल्यावर आणली. वर्षानुवर्षं गोठलेला आकडा एकदम वर उडाला आणि लोक बिथरले. थोडाथोडा वाढवला असता तर कुणाच्या घशात अडकला नसता. वाढ टाळणाऱ्या प्रत्येक सरपंचाला आणि त्याला त्यासाठी मत देणाऱ्या आपल्याला याचा जाब द्यावा लागेल.

पंचायती दिल्लीच्या पैशावर विसंबल्या, हेही खरं. पंधराव्या वित्त आयोगाने साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेशी बांधला. त्यातून घंटागाडी येते. पण पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून करता येत नाही. गाडीवरच्या माणसाचा रोज गावाच्या स्वतःच्या करातूनच निघायचा. थकबाकी अर्धी माफ झाली की पुढच्या वर्षी भरणारेही थांबतील, आणि पहिली कात्री त्या माणसाच्या पगाराला लागेल. नालीत उघड्या हाताने उतरणाऱ्याला महिनोन्‌महिने पैसे मिळत नाहीत, हे माझ्या माहितीच्या गावांत आजही घडतं.

पुढच्या फेरआकारणीच्या ग्रामसभेत माझी मागणी एकच राहील: आरोग्य कर वाढवा, पण त्याच ठरावात सफाई कामगाराचा पगार, हातमोजे आणि गमबुटांची रक्कम लिहा, आणि फळा पुन्हा भिंतीवर लावा.